बॅडमिंटनपटू प्रमुख पाहुणे असतील तर ओळख कशी करून द्यावी

बक्षीस समारंभाला निवृत्त आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनपटू येणार असं ठरलं, की आयोजक निवेदिकेच्या हातात दोन पानांचा बायोडेटा ठेवतात आणि म्हणतात, "बाई, एवढं वाचून दाखवा." तो वाचायचा नाही. त्या दोन पानांत साल, स्पर्धा, पदक, साल, स्पर्धा, पदक असं ओळीने असतं. तिसऱ्या ओळीला मागच्या रांगेतली मुलं चुळबुळ करायला लागतात, सहाव्या ओळीला खुद्द पाहुणे पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसलेले दिसतात.

मी डिचोलीच्या एका मराठी शाळेत शिकवत होते. निवृत्तीनंतर डिचोली, साखळी, फोंडा या पट्ट्यात निवेदनाला बोलावतात. नाट्यस्पर्धा, भजनी मेळे, वाचनालयाचे वार्षिक दिवस हे नेहमीचं. खेळाचे कार्यक्रम माझ्याकडे आले ते भावामुळे. तो राज्य पातळीवर शटल खेळायचा आणि घरात जेवताना दुसरा विषय नसायचा. त्यामुळे ज्यांना गोव्यात मराठीतून असा कार्यक्रम निभवायचा आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत इथे लिहिते आहे. साधारण पाच मिनिटांची ओळख धरून चाला. आमदार आले आणि बोलायला उभे राहिले की पाचाची तीन होतात, तेव्हा तीन मिनिटांचीही एक प्रत तयार ठेवा.

आधी फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर "सर, कृपया माहिती पाठवा" लिहिलंत तर तोच बायोडेटा परत येतो. फोनवर विचारायचं ते असं: तुम्ही मुख्यतः एकेरी खेळलात की दुहेरी? मुलांना कुठल्या एका सामन्याबद्दल कळावं असं तुम्हाला वाटतं? कशाचा उल्लेख नको? आणि स्टेजवर तुम्हाला काय म्हणू? शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण आपल्याकडे सगळ्यांना सरसकट 'सर' आणि 'मॅडम' करून टाकतात. काहींना ते चालतं. माझ्या वयाच्या एका पाहुण्या म्हणाल्या, "ताई म्हणा, मॅडम म्हटलं की मला कुणी ऑफिसात बोलावलंय असं वाटतं." पाहुणे गोव्याचेच असतील तर फोन कोंकणीतूनच करा. कार्यक्रम मराठीत असला तरी माणूस घरच्या बोलीत जास्त बोलतो.

दुहेरीच्या खेळाडूंच्या बाबतीत जोडीदाराचं नाव ही पहिली गोष्ट विचारायची. दुहेरी खेळलेल्या एका बाईंनी मला फोनवर बजावलं होतं, "माझ्या पार्टनरचं नाव तुम्ही घेतलं नाहीत तर मी स्टेजवर आल्याआल्या घेईन." बरोबरच आहे. २०११ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत महिला दुहेरीत भारताला पहिलं पदक मिळालं, कांस्य. ते ज्वाला गुट्टाचंही आणि अश्विनी पोनप्पाचंही. एकटीचं नाव घेतलं की वाक्यच खोटं होतं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधलं पुरुष दुहेरीचं कांस्य लेरॉय डिसा आणि आपले प्रदीप गंधे या दोघांचं. नावं जोडीनेच लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी एक गळत नाही.

मग कागद घ्या आणि साल डावीकडे, घटना उजवीकडे असा तक्ता करा. हा तक्ता स्टेजवर न्यायचा नाही, तो तुमच्यासाठी. दोन सालांच्या मधे मोठी मोकळी जागा दिसली तर तिथे काहीतरी घडलेलं असतं: दुखापत, नोकरी, लग्न, संघनिवडीचा वाद. पुलेला गोपीचंदच्या तक्त्यात १९९४ ला पुण्याच्या राष्ट्रीय खेळांत गुडघा जायबंदी झाल्याची नोंद येते, मग शस्त्रक्रिया, मग १९९६ पासून २००० पर्यंत सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदं, मग २००१ ला ऑल इंग्लंड या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद. नुसती पदकं वाचली तर १९९४ गायब होतं आणि २००१ आपोआप मिळाल्यासारखं वाटतं. ही दुखापत जगजाहीर आहे म्हणून बोलायला हरकत नाही. तुमच्या पाहुण्यांची नसेल तर फोनवर विचारल्याशिवाय माईकवर आणू नका. आजारपण, वाद आणि घरच्या गोष्टी त्यांनी आपणहून सांगितल्या तरच.

पडताळणीशिवाय काही बोलायचं नाही. अलीकडच्या सामन्यांचे निकाल जागतिक महासंघाच्या संकेतस्थळावर सापडतात. जुन्या खेळाडूंसाठी मी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाते आणि जुनी वर्तमानपत्रं चाळते. घरच्यांनी जपलेली कात्रणं असतील तर उत्तमच, पण कात्रणावर तारीख बहुधा फाटलेली असते. मागच्या बाजूला सिनेमाची जाहिरात किंवा दुसरी एखादी बातमी असते, तिच्यावरून साल काढता येतं.

स्पर्धांची वजनं ओळखा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबते. ऑल इंग्लंड जिंकलेल्या पाहुण्यांना 'जागतिक विजेते' किंवा थेट 'ऑलिम्पिक विजेते' म्हणणारे निवेदक मी ऐकलेत. अशा वेळी पाहुण्यांना भाषणाची सुरुवातच दुरुस्तीने करावी लागते आणि सगळा कार्यक्रम अवघडतो.

ऑल इंग्लंड १८९९ पासून चालू आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली १९७७ साली, स्वीडनमधल्या माल्मोला. तोपर्यंत ऑल इंग्लंडलाच लोक जगज्जेतेपद मानायचे. ऑलिम्पिकमध्ये पदकांसाठी बॅडमिंटन आलं ते १९९२ च्या बार्सिलोनात. त्याआधी १९७२ ला म्युनिकमध्ये आणि १९८८ ला सोलमध्ये नुसतं प्रदर्शनापुरतं होतं. राष्ट्रकुल खेळांत हा खेळ आला १९६६ साली, किंग्स्टनला. थॉमस करंडक पुरुष संघांचा, उबेर करंडक महिला संघांचा. थॉमस करंडक भारताने जिंकला तो मे २०२२ मध्ये बँकॉकला, इंडोनेशियाला ३-० हरवून.

ही सालं मनात पक्की असली की अनेक वाक्यं आपोआप टळतात. नंदू नाटेकरांबद्दल बोलताना "ऑलिम्पिक पदक मात्र हुकलं" असं कुणी म्हणालं तर ते हसण्यावारी न्यावं लागेल, कारण त्यांच्या काळात हुकायला ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनच नव्हतं. सांगलीचे नाटेकर आधी टेनिस खेळायचे, ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५४ ला ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. १९५६ ला क्वालालंपूरमध्ये सेलँगर स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते. एवढं असताना न झालेल्या ऑलिम्पिकची हळहळ कशाला?

राष्ट्रीय विजेतेपदाला आपण कमी लेखतो, ते करू नका. प्रकाश पदुकोण १९७१ ते १९७९ सलग नऊ वेळा राष्ट्रीय विजेते होते. मुंबईची अपर्णा पोपट १९९८ ते २००६ सलग नऊ वेळा. नऊ वर्षं देशातल्या प्रत्येक नव्या मुलीने हिला हरवायचं म्हणून सराव केला आणि नऊ वर्षं ते जमलं नाही, असं सांगितलं की सभागृहाला आकडा कळतो.

क्रमवारीचं वाक्य जपून. जागतिक क्रमवारी दर आठवड्याला बदलते, म्हणून 'जगातील पहिल्या क्रमांकाची खेळाडू' असं मोघम न म्हणता साल जोडा: सायना नेहवाल २०१५ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली. आणि पुरस्कार शेवटी, एका दमात. अर्जुन खेळाडूला, द्रोणाचार्य प्रशिक्षकाला, एवढी उलटापालट टाळली तरी पुरे.

गुण कसे सांगायचे

समोरची मुलं २१ गुणांच्या गेमवर वाढलेली आहेत. जुना निकाल वाचला की त्यांना वाटतं छपाईची चूक आहे. २००६ पर्यंत पुरुषांचा गेम १५ चा आणि महिला एकेरीचा ११ चा असायचा, आणि मुख्य म्हणजे गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला फक्त सर्व्हिस मिळायची, गुण नाही. त्यामुळे कागदावर १५-३ दिसणारा गेमही बराच वेळ चाललेला असू शकतो. २००१ च्या ऑल इंग्लंड उपांत्य फेरीत गोपीचंदने डेन्मार्कच्या पीटर गेडला १७-१४, १७-१५ असं हरवलं. हे १७ कुठून आले? १४-१४ झालं की गेम तीन गुणांनी वाढवता यायचा, तिथून. दोन्ही गेम तसेच वाढले होते, हे सांगितलं की सामना किती चुरशीचा होता ते वेगळं सांगावं लागत नाही. अंतिम फेरीत चेन हाँगला त्याने १५-१२, १५-६ हरवलं.

परदेशी नावांचे उच्चार पाहुण्यांनाच विचारा. डेन्मार्कची नावं तर लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. पाहुणे त्या माणसाबरोबर जेवलेले असतात, त्यांना नक्की ठाऊक असतं.

एकच सामना निवडा

हा माझा खरा आग्रह. संपूर्ण कारकीर्द पाच मिनिटांत सांगता येत नाही. एक सामना सांगता येतो, आणि त्यात बहुतेक सगळं बसतं. सामना जिंकलेलाच हवा असं नाही. खूप खेळाडू फोनवर हरलेला सामना सांगतात. तो त्यांनी सांगितला असेल तर घ्या, आपण होऊन उकरू नका.

निवडताना पाहायचं ते हे: समोर कोण होता, त्याची ताकद काय, आणि आपल्या माणसाने ती कशी निष्प्रभ केली. एवढं मिळालं तर खेळ न कळणारा पालकही ऐकतो. ते मिळत नसेल तर सामना बदला. "अटीतटीची झुंज", "प्रतिस्पर्ध्याला धूळ चारली" हे शब्द आपण मराठीतले लोक फार सैल हाताने वापरतो. त्यांत काहीच दिसत नाही. शटल कुठे पडलं ते सांगा.

सरावासाठी मी प्रकाश पदुकोण यांची ओळख लिहून ठेवली आहे. ते आमच्या गावी यायचे नाहीत, पण नव्या निवेदकांना शिकवताना हाच नमुना देते. मोठ्याने वाचून बघा:

"बंगळुरूमध्ये कॅनरा युनियनचा एक हॉल आहे. लग्नाचा हॉल. त्यात बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं होतं. त्या कोर्टावर एक मुलगा वडिलांबरोबर खेळायला यायचा. १९६२ मध्ये तो राज्याच्या ज्युनिअर स्पर्धेत पहिल्यांदा उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. दोन वर्षांनी तीच स्पर्धा त्याने जिंकली. १९७१ साली, सोळाव्या वर्षी, तो ज्युनिअर आणि सीनिअर दोन्ही गटांत देशाचा विजेता झाला.

आता चला लंडनला. मार्च १९८०, ऑल इंग्लंडची अंतिम फेरी. समोर इंडोनेशियाचा लिम स्वी किंग. मागची दोन वर्षं ही स्पर्धा त्यानेच जिंकलेली. हा उंच उडी घ्यायचा आणि हवेतूनच असा स्मॅश मारायचा की समोरच्याला रॅकेट हलवायलाही वेळ मिळू नये. अशा माणसाशी वेगात वेग मिसळून खेळायचं नाही, हे आपल्या खेळाडूने ठरवलं होतं. त्याने खेळच मंद केला. ड्रॉप जाळीजवळ, उंच टॉस पार मागच्या रेषेवर, मधेच अर्ध्या जोराचा स्मॅश. मनगट शेवटच्या क्षणी वळायचं, त्यामुळे शटल कुठे जाणार ते कळायचंच नाही. उडी घ्यायला लागते ती उंची आणि तो वेळ किंगला मिळालाच नाही. निकाल १५-३, १५-१०. ऑल इंग्लंड जिंकणारे पहिले भारतीय, श्री. प्रकाश पदुकोण."

बस. नाव शेवटी आलं, टाळ्या आपोआप येतात. यात १९७८ चं एडमंटनचं राष्ट्रकुल सुवर्ण नाही, १९८३ चं कोपनहेगनचं जागतिक कांस्य नाही, अर्जुन आणि पद्मश्री नाही. ते सगळं छापील पत्रिकेत जाऊ द्या. वेळ हातात असेल तर एकच भर घाला: त्या कांस्यानंतर पुरुष एकेरीत भारताला पुढचं जागतिक पदक मिळायला २०१९ उजाडलं, साई प्रणीतचं. एवढ्यावरून जुन्या पदकाची किंमत कळते. आणि कृपा करून "दीपिकाचे वडील" म्हणू नका. ते मुलं खाली बसून एकमेकांना सांगतातच.

हॉलचा उल्लेख मी मुद्दाम पहिल्या वाक्यात ठेवला आहे. आपल्याकडच्या गावागावांत देवळाच्या किंवा पंचायतीच्या हॉलात कोर्ट आखलेलं असतं. लग्नसराई आली की जाळी गुंडाळायची आणि दहा दिवस खेळ बंद. समोर बसलेल्या मुलांना हे न सांगता कळतं. तुमच्या पाहुण्यांच्या आयुष्यात असं काही असेल, पहिलं कोर्ट, पहिली रॅकेट, पहाटेची बस, ते शोधा आणि तिथून सुरुवात करा. जन्मतारखेने कधीही करू नका.

खेळणं थांबल्यानंतरचं

निवृत्त खेळाडूची ओळख निवृत्तीवर संपवली की ते काहीतरी जुनं संपलेलं दाखवल्यासारखं होतं. शेवटचा अर्धा मिनिट त्यानंतरच्या कामाला द्या. पदुकोण यांनी १९९४ मध्ये विमलकुमार यांना बरोबर घेऊन बंगळुरूला अकादमी काढली. गोपीचंदने हैदराबादला गच्चीबावलीत सरकारने दिलेल्या जमिनीवर अकादमी उभारली, पैसे पुरेनात म्हणून घर गहाण टाकलं, ती २००८ मध्ये सुरू झाली. ऑल इंग्लंड जिंकल्यावर त्याने शीतपेयाची जाहिरात नाकारली होती हेही लोकांना ठाऊक आहे. शीतपेयं प्रायोजक नसतील तर जरूर सांगा.

तुमचे पाहुणे एवढे मोठे नसतीलही. बँकेत किंवा रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरीला लागले, आज सकाळी सहाला दहा मुलांना फुटवर्क शिकवतात, स्पर्धांना पंच म्हणून बसतात. ते तसंच सांगा. पंच म्हणून बसणाऱ्या माजी खेळाडूंबद्दल मला विशेष आदर आहे. मान मिळत नाही, पालकांची बोलणी मात्र मिळतात.

गोव्यात प्रश्नोत्तरं ठेवली की कुणीतरी तनिषा क्रास्टोबद्दल विचारतंच. मूळची गोव्याची, जन्म दुबईचा, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अश्विनी पोनप्पाबरोबर दुहेरी खेळली. मुलांना तिचं कौतुक असणारच. पण हा प्रश्न पहिला घेऊ नका. समोर बसलेल्या माणसाला आधी त्याच्याबद्दल दोन प्रश्न मिळाले पाहिजेत. त्यासाठी शाळेतल्या दोन मुलांना आदल्या दिवशी प्रश्न देऊन ठेवा. "तुम्हाला कसं वाटलं?" हा प्रश्न बाद. "स्मॅश परतवताना तुम्ही कुठे उभे राहायचात?" असा द्या. उत्तर द्यायला पाहुणे खुर्चीतून उठले की समजा जमलं.

मांडणीच्या काही गोष्टी. ओळख शाल-श्रीफळाच्या आधी, नंतर नाही. आधी सत्कार आणि मग ओळख असं केलं तर कशासाठी टाळ्या वाजवल्या तेच लोकांना कळत नाही. पाहुण्यांना बॅडमिंटन दाखवायला सांगणार असाल तर फोनवरच विचारा. साठीच्या माणसाचे गुडघे खेळानेच गेलेले असतात आणि स्टेजवरच्या गालिच्यावर पाय घसरतो. हॉलमध्ये दाखवायचं असेल तर पंखे बंद करायला एक माणूस नेमा, आणि पिसांचं शटल आणा. सोळा पिसांचं, पाच ग्रॅमच्या आसपासचं ते शटल पंख्याच्या वाऱ्याने भलतीकडे जातं. प्लॅस्टिकचं दिलंत तर पाहुणे काही बोलणार नाहीत, पण चेहरा बघवत नाही.

शेवटचं काम वार्ताहरांचं. ओळखीचा पडताळलेला कागद, नावांच्या शुद्ध लेखनासह आणि जोडीदाराच्या नावासह, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच त्यांच्या हातात द्या. ते बहुधा पहिल्या भाषणानंतर उठून जातात, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या अंकात तोच दोन पानांचा बायोडेटा छापून येतो.